आधी सासूबाई

हिंगणीच्या अंगणवाडीत नर्सनं ब्रश दाखवला: पडद्यामागं जाऊन स्वतःच आत फिरवायचा, नळीत घालून द्यायचा, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कळतो. बायका छताचे पत्रे मोजू लागल्या. सासूआधी सुनेनं कशालाच हात लावायचा नाही, ही गावची रीत होती. प्रमिलाबाईंची सून अंजू मात्र त्या ब्रशकडेच बघत होती. पाळी नसतानाही ती डागाचे कपडे लपून धुते, हे प्रमिलाबाईंना ठाऊक होतं. त्या उठल्या. "मले दे." "आजी, साठीपर्यंतच्याच बायका घेतो." "मंग चाळीस लिही." त्या हिशोबानं त्यांचा मुलगा आईपेक्षा चार वर्षांनी मोठा ठरत होता. नर्सनं चाळीस लिहिलं. प्रमिलाबाई आत गेल्या अन् पापड वाळत घालून आल्यासारख्या परतल्या. "काई दुखत नाई, पोरी. जाय आता." अंजू आत गेली. बाकीच्या सुनांनी आपापल्या सासवांकडे पाहिलं.