हत्तीसमोरची खोली

“काका, तळ्याकडची खोली घ्या ना. हत्तीकडच्या खिडकीतून दुसरं काहीच दिसत नाही,” रिसॉर्टच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“आम्हाला हत्तीच बघायचाय,” मोरेश्वर म्हणाला.

हॉटेलमागच्या पार्कातला तो पाच मजली हत्ती त्याने आणि त्याच्या बायकोने, कुमुदने, पेणच्या कारखान्यात घडवला होता. शेड बुटकी, म्हणून तुकड्यातुकड्याने. कान झाला की ट्रकमधून जायचा, मग सोंडेचं काम सुरू. अख्खा हत्ती दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

मुलीने हसून चौथ्या मजल्यावरची खोली दिली.

कुमुदने पडदा सरकवला आणि तिचा हात तसाच राहिला. समोर हत्ती उभा होता. त्याचा डोळा बरोबर त्यांच्या खिडकीच्या उंचीला होता. खाली पायांमधून माणसांची रांग मुंग्यांसारखी सरकत होती. सांधा कुठेच दिसत नव्हता.

“अहो, एवढा मोठा होता?” तिने हळूच विचारलं.

मोरेश्वर पलंगाच्या कडेला बसला. कानापासून सोंडेच्या टोकापर्यंत त्याने सावकाश नजर फिरवली.

“कुमुद, ह्यात काही सुधारायचं नाही,” शेवटी तो म्हणाला.

तीस वर्षांत हे वाक्य तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.