समोरून येणारी गाडी

समोरून गाडी आली की मुलगा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, समोरचाही तसंच करायचा.

"हाही ओळखीचा?" अण्णांनी अकराव्यांदा विचारलं.

"नाही हो. आयर्लंडच्या खेड्यांत सगळेच सगळ्यांना असा हात करतात."

"फुकटची ओळख," म्हणत अण्णा कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघू लागले.

साताऱ्यात मुलाच्या लग्नपत्रिकेतून त्यांनी सख्ख्या भावाचं नाव मुद्दाम गाळलं होतं. तरी भाऊ वर्षभर स्कूटरवरून हात करायचा, आणि अण्णा दुकानांच्या पाट्या वाचत पुढे निघून जायचे. पाट्या पाठ झाल्या, तोवर भावानं हात करणं सोडलं. दोन महिन्यांपूर्वी तो गेला. तेव्हाही अण्णांनी त्याचं नाव काढलं नाही.

मागच्या सीटवरून नातीनं विचारलं, "आजोबा, साताऱ्यात तुम्हाला कोण हात करतं?"

"मुकुंदा करायचा," अण्णा म्हणाले. "मीच बघत नव्हतो."