खिडकीवरचं नातं

"हे कोण तुझे?" खिडकीतल्या कारकूनबाईंनी विचारलं.

"मामा," ठकी म्हणाली.

तिचा हात धरून उभ्या असलेल्या फरशीवाल्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. बसमध्ये अख्खा रस्ताभर त्याने तिच्याकडून हेच तर घोकवून घेतलं होतं. तिथे कुणी विचारलं तर बाबा म्हणायचं, मामा नाही. ठकीने मानही डोलावली होती. आणि ऐन वेळी पोरीने असा घात केला.

कारकूनबाईंनी उचललेला शिक्का खाली ठेवला. "मामा असाल तर नाही जमायचं. बाहेरच्या देशातून कामाला आलेल्यांच्या फक्त स्वतःच्या मुलांना इथे मोफत उपचार. भाच्या-पुतण्या त्यात बसत नाहीत."

"अहो, कागद तर बघा. वडील म्हणून माझंच नाव आहे."

"कागद काय, कुणीही करून आणतं. पोर कशाला खोटं बोलेल?"

कागद तसे खरे होते. बहीण बाळंतपणात गेली. तिच्या नवऱ्याने बाळाचा फाटलेला ओठ पाहिला आणि जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. जन्माची नोंद करायला फरशीवाला एकटाच गेला होता. तिथल्या माणसाने फार चौकशी न करता समोर दिसणाऱ्या पुरुषाचं नाव बापाच्या जागी लिहून टाकलं. फरशीवाल्याने ते कधी मनावर घेतलं नाही. बापाची जागा बापाची. आज ना उद्या बहिणीच्या नवऱ्याला पाझर फुटेल या आशेवर त्याने ती जागा मोकळी ठेवली, आणि पोरीचं हगणं-मुतणं काढूनही स्वतः मामाच राहिला.

त्याच्या देशात वर्षातून एकदा परदेशी डॉक्टरांचं शिबिर यायचं. त्यांनी ठकीचा ओठ शिवला. टाके झकास घातले, फोटो काढले आणि विमानात बसून गेले. ओठ फोटोत दिसतो, टाळू दिसत नाही. टाळूचं भोक तसंच राहिलं. प्यायलेलं दूध नाकातून यायचं आणि बोलणंही नाकातूनच यायचं. नीट बोलायला लागली की आणा, असं सांगून शाळेने तिला परत पाठवलं. टाळूला मोठी शस्त्रक्रिया लागते, नंतर बोलायला शिकवणारं माणूस लागतं, दातांचा डॉक्टर लागतो, आणि हे सगळं मूल मोठं होईपर्यंत लागतं. शिबिराला एवढी सवड नव्हती. सीमेपलीकडच्या या शहरात मात्र सगळे एकाच इमारतीत बसत होते. म्हणून तो इथे फरश्या बसवायला आला. गुडघ्यांची सालं निघाली तेव्हा कुठे कामाचा परवाना पक्का झाला. आता गाडी एका शब्दावर अडली होती.

ठकीचं बोलणं जगात त्याला एकट्यालाच कळायचं. माणी म्हणजे पाणी, मिवळा म्हणजे पिवळा. दुकानात, बसमध्ये, शेजारीपाजारी तोच तिचा दुभाषी, आणि त्याला त्याचा थोडा तोराही होता. या खिडकीपुढे मात्र तो नुसता कागदच पुन्हा पुन्हा पुढे सरकवत राहिला.

मागची रांग कुरकुरायला लागली. तेवढ्यात आतल्या दारातून एक बाई जेवणाचा डबा घेऊन बाहेर पडल्या. मुलांना बोलायला शिकवायचं काम त्यांचं. त्या थबकल्या आणि ठकीसमोर उकिडव्या बसल्या.

"परत सांग बघू, कोण हे?"

"मामा."

"बरं. बाहुली म्हण."

"माहुली."

"पाणी?"

"माणी."

बाई उठल्या. "अहो, हिच्या टाळूला भोक आहे," त्या कारकूनबाईंना म्हणाल्या. "हवा नाकातून निसटते, तोंडात कोंडून धरताच येत नाही. त्यामुळे ब म्हणायला गेली की म होतो. ती बाबाच म्हणतेय, आणि तुम्ही तिच्या बापाला हाकलताय!"

कारकूनबाई ओशाळल्या. धाडकन शिक्का बसला.

फरशीवाला खाली मान घालून उभा राहिला. पोरीने खरं तेच सांगितलं होतं, पण तिच्या फाटक्या टाळूनेच त्याचं खोटं तारून नेलं. चांगल्या माणसांना फसवल्याची त्याला लाज वाटली. थोडं हसूही येत होतं, ते त्याने खोकल्यावर निभावून नेलं.

शस्त्रक्रिया झाली. टाके विरले. मग ठकीच्या शिकवण्या सुरू झाल्या. बाई तिच्या ओठांसमोर पातळ कागदाची पट्टी धरायच्या. ब म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे. कित्येक आठवडे पट्टी ढिम्म हलली नाही. फरशीवाला कामावरून थेट यायचा, सिमेंटच्या हातांनी बाहेरच्या बाकावर बसायचा आणि स्वतःही मनातल्या मनात ब-ब-ब करायचा.

एका संध्याकाळी दार उघडलं आणि ठकी पळत बाहेर आली. मागे बाई हसत उभ्या होत्या. ठकी त्याच्या पुढ्यात थांबली. तिने ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले.

"बाबा!"

स्वच्छ, खणखणीत ब. फरशीवाल्याचे डोळे भरून आले. त्याने बाईंना हात जोडले. बाई आत वळल्या, तसं सवयीने त्याचं लक्ष त्या खिडकीकडे गेलं. खिडकी बंद होती. कारकूनबाई केव्हाच घरी गेल्या होत्या.

तो वाकून ठकीच्या कानाशी लागला. "शाब्बास गं माझी वाघीण! पण आता कुणी विचारत नाहीये. आता पूर्वीसारखं मामा म्हटलंस तरी चालेल."

ठकीच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाकीचे शब्द अजून थोडे नाकातूनच येत होते, पण आता दुभाष्याची गरज नव्हती.

"मी तुला मामा कधी म्हटलं?"