राखेतलं पाऊल

चिंबोराझो ज्वालामुखीवर बर्फ तोडायचा तर आधी डोंगरबाबाची परवानगी मागायची, हा ग्रेगोरियाचा नेम. आज तिची प्रार्थना संपण्याआधीच लेकीने, झोयलाने, कुऱ्हाड घातली.

"तुझा बाबा हजारो वर्षं झोपलाय, आई. बाजारातले सरबतवाले थोडेच थांबणारेत?"

बर्फाची लादी राखेच्या काळ्या थरावर उकलली. ही राख डोंगराने पूर्वजांच्याही आधी ओकलेली. तीत बुटाचा ठसा होता. टाचेला तिरकं ठिगळ. कालच ग्रेगोरियाने लेकीच्या बुटाला लावलेलं. पाऊल डोंगराच्या आत निघालेलं.

ठशावरची नजर न काढता ती म्हणाली, "पोरी, बर्फ राहू दे. गाढवं सोड, खाली चल."

"आले, आई."

आवाज बर्फाच्या आतून आला.