मेळाव्यात बघितलेलं स्थळ

जळगावहून आलेल्या पत्राला झुलाल नानांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीआधी आलं होतं, आणि आता कापसाची वेचणी संपत आली होती. धुळ्याच्या घरात ते कधी शब्दकोशात असायचं, कधी उशीखाली. ग्रंथालयात सारी नोकरी झाली, तिथे लोकांची अर्ज-पत्रं लिहून देताना नानांचा हात कधी थांबला नव्हता. या पत्रापुढे मात्र पेन अडायचं.

पत्र नलूच्या घरून होतं. मजकूर सरळ होता. स्थळ घरचंच आहे, माणसं साधी आहेत, पत्रिकेचा आग्रह नाही. कापसाची वेचणी उरकताना जळगावात शनिवार-रविवारी मेळावा आहे, त्या निमित्ताने बघणं होईल. मग हो-नाही कळवावं.

मेळावा जपानी कार्टूनच्या चाहत्यांचा होता. टीव्हीवर रविवारी सकाळी बगळ्यांच्या बेटावरच्या युमीची गोष्ट हिंदीतून लागायची, तिच्यावर जीव टाकणाऱ्यांचा. नानांचा पुतण्या गिरधर टीव्ही दुरुस्त करायचा आणि एकही भाग चुकवायचा नाही. जळगावची नलूही तसलीच. चाहत्यांच्या मंडळाच्या पत्रव्यवहारातूनच दोघांची ओळख झाली होती. नानाही ती मालिका बघत, पण हातात वर्तमानपत्र धरून.

बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत राहिले.

"बठ्ठा लोके वाट दखी रायनात, नाना," गिरधर म्हणाला. "तिकडे सगळे वाट बघतायत, आणि तुम्ही तोंड असं केलंय, जसं काही दवाखान्यात चाललोय."

"नकार द्यायचा म्हटलं तर समोरच्याला किती वाईट वाटतं रे."

"नकार तिकडूनही येऊ शकतो."

"तीच तर भीती आहे," नाना म्हणाले.

"तुम्हना स्वभावच भित्रा शे!" गिरधर हसला आणि मांडीवरची पिशवी सांभाळून बसला. पिशवीत जुन्या पडद्याचा शिवलेला झगा होता. मेळाव्यात तो समुद्री चाच्यांचा कप्तान होणार होता.

मंगल कार्यालयाच्या दारात कमानीवर थर्माकोलचे बगळे लावले होते. आत दोन टीव्ही, मुंबईहून मागवलेल्या कॅसेटा, आणि पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेली पन्नासेक माणसं. कोणी साक्रीहून आलेलं, कोणी बोदवडहून. स्वयंपाकघरात वांगी भाजल्याचा खमंग वास सुटला होता.

"आले का कप्तान!" युमीच्या निळ्या फ्रॉकमधली नलू धावत आली. तिने वाकून नानांना नमस्कार केला. "आणि ही माझी आत्या, धुरपदाबाई. शाळेत चित्रकला शिकवायची. मला हिनेच वाढवलं."

गिरधर आणि नलू लगेच गर्दीत शिरले. नाना खुर्चीच्या कडेवर बसले. शेजारी धुरपदाबाई बसल्या आणि पाटीवर कागद लावून पडद्यावरचे बगळे काढू लागल्या.

दूर खांबाआड दोघं डोक्याला डोकं लावून काहीतरी बोलत होती. मध्येच इकडे बघून हसली.

"काय खलबतं चाललीत कोण जाणे," नाना म्हणाले.

"चालू द्या. मनं जुळल्याशिवाय माणूस हसत नाही." धुरपदाबाईंनी बगळ्याची मान पुरी केली. "तुमचं उत्तर नाही आलं."

"लिहायला बसतो आणि फाडून टाकतो."

"नकार असेल तर मोकळेपणी सांगा. आमच्याकडे राग धरत नाहीत."

"नाही, नाही! तसं नाही." नानांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आमचं घर तुम्ही बघितलं नाही. बाईमाणूस नाही घरात. नुसती पुस्तकं. पलंगावरसुद्धा पुस्तकं."

"तापट आहे का कोणी?"

"तापट नाही. पण गप्प फार. कंटाळा येईल माणसाला."

"आमच्याकडे बोलणारं माणूस आहे," त्या म्हणाल्या. "एकाने गप्प असलेलं बरं."

नाना हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

रविवारी पोशाखांची मिरवणूक होती. मालिकेतला दीपस्तंभावरचा म्हातारा होणारा गडी पिंपळनेरहून आलाच नाही. म्हाताऱ्याशिवाय युमी कशी? सगळ्यांच्या नजरा नानांकडे वळल्या.

"मला नाही जमणार. चार लोकांसमोर माझे पाय लटपटतात."

"तो म्हाताराही लटपटतच चालतो," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी गादीतला कापूस उपसून नानांना दाढी लावली, हातात कंदील दिला. "मी येते सोबत. तुम्ही नुसता उजेड धरा."

नाना मंचावर गेले. मध्यावर दाढी सुटून लोंबायला लागली. धुरपदाबाईंनी भर सभेत ती पुन्हा चिकटवली, आणि अख्ख्या कार्यालयाने शिट्ट्या मारल्या. सगळ्यात जोरात गिरधरने.

"बघ, बघ," नलू त्याला कोपराने ढोसत म्हणाली, "आता नाही म्हणतील का?"

संध्याकाळी बसस्थानकावर गिरधरने केळीचे वेफर्स घेतले.

"मग, नाना? काय ठरलं?"

नानांनी खिशातून अंतर्देशीय पत्र काढलं आणि बाकावर बसून गुडघ्यावर लिहायला घेतलं. एकदाही न खोडता. गिरधर वाकून बघू लागला तसा त्यांनी कागदावर हात धरला. मग लाळेने डिंक ओला करून पत्र चिकटवलं आणि स्वतः उठून लाल पेटीत टाकलं.

आत लिहिलं होतं: "चि. नलूस आशीर्वाद. उत्तरास उशीर झाला, क्षमा असावी. तुझ्या आत्या मला पसंत आहेत. त्यांची हरकत नसल्यास पुढची बोलणी चि. गिरधरशी करावी, नवऱ्यामुलाने स्वतः बोलायची आपल्याकडे पद्धत नाही."