पांढरी रेष

“पाणी उतरताना भिंतीवरच्या पांढऱ्या रेषेच्या पुढंच राहा, नाहीतर बोटीचं मागचं टोक दाराखालच्या दगडी उंबऱ्यावर अडकेल,” नऊ वर्षांपूर्वी बोट विकताना त्या इंग्रज म्हाताऱ्यानं बजावलं होतं. तेव्हापासून कालव्यावरच्या प्रत्येक लॉकपाशी, त्या दारबंद हौदापाशी, कुमुद काठावर उतरायची, हँडल फिरवून झडप उचलायची, पाणी सोडायची आणि सुकाणूवरच्या नवऱ्याला हाका मारायची, “अहो, पुढं घ्या! अजून थोडं! झोपलात का?”

आजचं हे चौदावं लॉक. खांदे भरून आले होते, गुडघे बोलत होते. आता तर तिला ओरडायचाही कंटाळा आला. नऊ वर्षांत एवढं तरी कळत असेल त्यांना, असं मनाशी म्हणत जात्याचा खुंटा फिरवावा तसं तिनं मुकाट्यानं हँडल फिरवलं.

पाणी उतरू लागलं आणि बोट पुढून खाली कलली. मागचं टोक उंबऱ्यावर टेकलं होतं. आत कपबश्या घरंगळून फुटल्या, सुकाणूवरचे ते कठड्याला लोंबकळले. कुमुदनं धडपडत झडप पाडली, धावत जाऊन वरच्या दारानं पाणी आत घेतलं. बोट हळूहळू सरळ झाली.

“एवढी स्वच्छ रेष दिसतेय की हो!” ती ओरडली. “डोळे कुठं होते तुमचे?”

त्यांनी सुकाणू पुन्हा हातात घेतलं.

“ती रेष मला दिवाळीपासून दिसतच नाही, कुमुद. तुझ्या हाकेवर बोट धरतो मी. आज तू बोललीच नाहीस.”