चीफबाईंची पोथी

“सोमवारी,” ग्रेडी हॅलस्टेड म्हणाला. “शनिवारची मॅच होऊन जाऊ द्या. वॉरंट सोमवारी बजावा.”

इमोजेन टॉलिव्हर बसली नाही. हॅलस्टेड हा विद्यापीठाचा उपाध्यक्ष होता आणि विद्यापीठाचं पोलीस खातं त्याच्या हाताखाली होतं. त्या खात्याची ती चीफ. तिच्या हातात न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट होतं, फुटबॉल संघाचा कोच ड्रमंड याच्या नावाचं. आदल्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये त्याने टेसा विन या विद्यार्थिनीला भिंतीवर आपटलं होतं. खेळाडूंचे पाय चोळणारी, पट्ट्या बांधणारी मुलगी. एकाचा गुडघा सुजलाय, त्याला खेळवू नका, एवढंच ती म्हणाली होती. तिचा हात मोडला.

“आजच बजावणार,” इमोजेन म्हणाली. “वॉरंट हातात आलं की त्याच दिवशी. माणूस कुणीही असो. नियमावलीत तसंच आहे.”

“ती नियमावली तुम्हीच लिहिलीत!”

“आणि तुम्ही मंजूर केलीत. हसत हसत फोटोही काढून घेतलात.”

ती येण्यापूर्वी अलाबामातल्या त्या विद्यापीठात ज्याचा त्याचा कायदा होता. काळ्या पोराची एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा झडती व्हायची. देणगीदाराचा मुलगा दारू पिऊन सापडला, तर पोलीसच त्याला गाडीतून घरी सोडायचे. इमोजेनने वर्षभर बसून एकेक कलम लिहिलं, वकिलांशी भांडली, शिपायांशी भांडली. सगळ्यात जास्त भांडली ती तिच्या हाताखालच्या रोलंड पिकेटशी. पिकेट त्याच गावचा, तिथेच केस पांढरे झालेला. नियमावलीला तो पोथी म्हणायचा. “चोर पळतोय, आणि मी थांबून पोथीत कलम शोधू?” असं म्हणाला की सगळी खोली हसायची. एकदा विनाकारण एका पोराला बेड्या घातल्या म्हणून तिने त्याला लेखी ताकीद दिली होती. तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा.

आता तो दाराशी उभा होता. टेसाचा जबाब हॉस्पिटलमध्ये जाऊन त्यानेच घेतला होता. संघासाठी तो वेडा होता. त्याच्या ट्रकवर बारा महिने संघाचा झेंडा असायचा.

“इमोजेन, जरा समजून घ्या,” हॅलस्टेडने आवाज खाली आणला. “हे अख्खं गाव शनिवारसाठी जगतं.”

“आणि ती मुलगी? ती कशासाठी जगते?”

“तिचा खर्च आम्ही करू.”

“तिने खर्च मागितला नाहीये. तक्रार केलीय!”

हॅलस्टेडचा चेहरा लालबुंद झाला. “बस्स. नियमावली या क्षणापासून स्थगित. तुम्हीसुद्धा. बॅज ठेवा इथे.”

इमोजेनच्या बॅजची पिन निघेना. शेवटी तिने ती ओढून काढली. बॅज टेबलावर आपटला, घसरला आणि खाली पडला. कुणी उचलला नाही.

“रोलंड, आजपासून खातं तू बघायचं,” हॅलस्टेड म्हणाला. “ती पोथी तुला कधीच पटली नव्हती ना?”

“कधीच नाही, साहेब.”

“मग आता नाही ती. तू आणि तुझी अक्कल.”

पिकेटने इमोजेनपुढे हात केला. “वॉरंट द्या, मॅडम.”

तिने ते त्याच्या छातीवर दाबलं. “घे. मॅचच्या तिकिटाबरोबर फ्रेम करून लाव!”

ती बाहेर पडली. दुपारपर्यंत कपाटं रिकामी केली. तिची गाडी सरावाच्या मैदानापलीकडे होती. मॅचच्या आदल्या दिवशी सराव सगळ्यांना खुला असायचा, म्हणून कुंपणाशी गर्दी होती. बँड वाजत होता. सावलीत देणगीदार बर्फाचा गोड चहा पीत बसले होते. मध्यभागी ड्रमंड शिट्टी फुंकत खेळाडूंवर ओरडत होता.

तेवढ्यात सायरन वाजवत पोलिसांची गाडी थेट गवतावर चढली. बँड थांबला. पिकेट खाली उतरला.

“अरे रोलंड, गवताची वाट लावलीस!” ड्रमंड हसत म्हणाला.

पिकेटने त्याला खांद्याला धरून वळवलं, दोन्ही हात मागे घेतले आणि बेड्या अडकवल्या. अख्ख्या संघासमोर. ड्रमंडची टोपी पडली. सगळ्या कुंपणावर मोबाइल वर झाले.

इमोजेनने जाळी घट्ट धरली. ‘असं नाही!’ तिच्या अगदी ओठांवर आलं. माणसाला असं चारचौघांत फरपटत नेऊ नये म्हणून तर तिने वर्ष घालवलं होतं. तिला पिकेटचा राग आला. मग स्वतःचा आला, कारण आत कुठेतरी तिला बरं वाटत होतं. ती ओरडली नाही.

हॅलस्टेड धापा टाकत मैदानात धावत आला. “पिकेट! डोकं फिरलंय का तुझं? सोमवारी म्हटलं होतं ना मी!”

पिकेटने ड्रमंडला गाडीत बसवलं आणि दार लावलं.

“काल त्या पोरीने मला विचारलं, साहेब,” तो म्हणाला. “हात गळ्यात बांधलेला, आणि मला विचारते, माझ्यामुळे आपला संघ हरेल का हो?”

“पण असं? सगळ्यांच्या देखत? बेड्या घालून?”

“बेड्या न घालता, कुणाला न दिसता मागच्या दाराने न्यावं, असं बाईंनी लिहून ठेवलं होतं खरं,” पिकेट म्हणाला. “तुम्हीच ते सकाळी रद्द केलंत.”